रुबार्बचा नवा गड्डा: पहिल्या वर्षी हात आवरा

इंग्लंडात परसात रुबार्बचा, म्हणजे आंबट देठांसाठी लावतात त्या झाडाचा, गड्डा नुकताच लावला असेल, तर पहिल्या वर्षी एकही देठ तोडू नका. लालचुटूक देठ बघून हात शिवशिवतात खरे, पण त्या पानांच्या जिवावरच गड्डा जमिनीखाली पोसतो. दुसऱ्या वर्षी मोजकेच घ्या, तिसऱ्यापासून भरपूर. तरी निम्मे देठ झाडावर राहू द्या. सुरी नको. देठ बुडाशी धरायचा, किंचित पिळायचा आणि ओढायचा, म्हणजे मागे खुंट राहून कुजत नाही. फुलाचा दांडा दिसला की लगेच बुडातून काढा. आणि पानं अळूसारखी ऐसपैस दिसली तरी वड्यांचा बेत नको. ती विषारी असतात, खायचे ते फक्त देठ.