जुनी गाडी घेताना टोकन देताय? या चुका टाळा

पहिली चूक रकमेची. मालक म्हणतो, "संध्याकाळी अजून एक पार्टी येतेय," आणि गाडी मनात भरलेला माणूस जागेवर 25-50 हजार पाठवून मोकळा होतो. टोकन म्हणजे कागद तपासून होईपर्यंत गाडी तीन-चार दिवस थांबवण्याचे पैसे. 4 लाखांच्या गाडीला 5 हजार पुष्कळ झाले. सौदा फिसकटला तर 5 हजार परत मिळतात. 50 हजार तोवर खर्च झालेले असतात.

गाडी न बघता एक रुपयाही देऊ नका. "फौजेत आहे, बदली झालीय, गाडी ट्रान्सपोर्टने पाठवतो" ही फसवणुकीची ठरलेली टेप आहे. टोकन परत देतो म्हणून कुणी यूपीआय पिन टाकायला लावला, तर तिथेच थांबा. पैसे यायला पिन लागत नाही.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती कर्जाच्या गाडीत. समजा सौदा 4 लाख 20 हजारांना ठरला आणि कर्ज 60 हजार बाकी आहे. मालक म्हणतो, "टोकन म्हणून 60 द्या, उद्याच लोन क्लिअर करतो." पैसे त्याच्या बचत खात्यात जातात, तिथून दुसऱ्याच देण्यात. आरसीवर बँकेचा बोजा तसाच, गाडी नावावर होत नाही, आणि मालक फोन उचलत नाही. म्हणून टोकनआधी एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर गाडी नंबर टाकून फायनान्सरचं, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव आहे का बघा. असेल तर मालकासोबत बँकेच्या शाखेत जा आणि फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज पूर्ण फेडायला किती लागतील याचं पत्र मागा. त्यात बाकी रक्कम आणि ती कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे ते असतं. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर मालकाच्या सह्या घेतल्यावरच पैसे भरा, तेही थेट लोन खात्यात. त्याच बँकेत मालकाची दुसरी थकबाकी असेल तर कर्ज फिटूनही बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) अडकू शकते; हा प्रश्न शाखेतच, त्याच्यासमोर विचारा. शेवटी बँकेची एनओसी आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा, बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म 35 हातात हवा.

पैसे आरसीवर ज्याचं नाव त्याच्याच खात्यात. भाऊ, मेहुणा, एजंट, कुणीही नाही. मालक हयात नसेल तर आधी वारसांनी फॉर्म 31 ने गाडी नावावर करून घ्यावी, मग टोकनचं बोला.

आता पावती. "विश्वास आहे हो" म्हणून ती टाळणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं, कारण काम पाच ओळींचं असतं. गाडी नंबर, चेसिस नंबरचे शेवटचे पाच अंक (आरसीवरून नव्हे, गाडीवर वाचून), ठरलेली किंमत, टोकन आणि व्यवहार क्रमांक, सौदा पुरा करायची तारीख. त्याखाली परताव्याची अट: बोजा किंवा थकलेलं चलन (वाहतूक दंड) निघालं, चेसिस नंबर जुळला नाही किंवा मेकॅनिकला अपघाताचं काम सापडलं, तर दोन दिवसांत पूर्ण टोकन परत; तुम्ही विनाकारण मागे फिरलात तर टोकन मालकाचं. ही दुसरी बाजूही लिहा, मालक चटकन सही करतो. कागद नसेल तर हाच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, आणि "मान्य" असं उत्तर आल्यावरच पैसे सोडा.