वैमानिकांची जोडी लावताना अनुभव कसा मोजावा

रोस्टर (कोणत्या उड्डाणावर कोण जाणार याचे वेळापत्रक) तयार करताना वैमानिकाच्या नावापुढचा सर्वांत मोठा आकडा, म्हणजे त्याचे एकूण उड्डाण-तास, आधी बाजूला ठेवावा. त्याऐवजी त्या विशिष्ट प्रकारच्या विमानावरचे तास आणि सध्याच्या पदावरचे, म्हणजे कॅप्टन किंवा सहवैमानिक म्हणून झालेले तास, असे दोन वेगळे रकाने करावेत.

हे दोन रकाने का लागतात, ते 15 नोव्हेंबर 1987 रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे झालेल्या कॉन्टिनेंटल एअरलाइन्सच्या उड्डाण 1713 च्या अपघातावरून कळते. कॅप्टनचे एकूण तास 12,000 च्या वर होते, डीसी-9 या अपघातग्रस्त विमानाच्या प्रकारावरचे 166 होते, पण त्या विमानाचा कॅप्टन म्हणून केवळ 33 होते. बर्फ पडत असताना उड्डाण करणाऱ्या सहवैमानिकाचे डीसी-9 वरचे तास 36 होते. अपघातात 28 जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर 1989 मध्ये न्यूयॉर्कच्या ला ग्वार्डिया विमानतळावरही अशीच नवखी जोडी धावपट्टीवरून थेट पाण्यात गेली, आणि 1995 मध्ये अमेरिकेत जोडीचा नियम आला.

त्या नियमानुसार दोघांपैकी किमान एकाचे त्या प्रकारच्या विमानावर 75 तास झालेले असावे लागतात. मात्र हे तास कोणत्याही पदावरचे चालतात, त्यामुळे डेन्व्हरची जोडी या अटीत बसली असती! म्हणूनच नियमाचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो: सहवैमानिकाचे त्या विमानावर 100 तास पूर्ण नसतील आणि कॅप्टन चेक पायलट (इतर वैमानिकांची परीक्षा घेणारा वैमानिक) नसेल, तर कमी दृश्यमानता, बर्फ किंवा पाणी साचलेली धावपट्टी, 15 नॉटपेक्षा जास्त आडवा वारा, विंडशिअरची (वाऱ्याचा वेग किंवा दिशा अचानक बदलण्याची) सूचना अशा परिस्थितीत उड्डाण आणि अवतरण कॅप्टननेच करायचे असते.

युरोपीय नियम पदाचाही विचार करतो. टाइप रेटिंग (विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याची पात्रता) किंवा कमांड कोर्स (कॅप्टन होण्याचे प्रशिक्षण) आणि त्यानंतरची देखरेखीखालील उड्डाणे संपल्यावर 120 दिवसांत 100 तास व 10 सेक्टर (एका उड्डाणापासून अवतरणापर्यंतचा प्रवास म्हणजे एक सेक्टर), किंवा मुदतीविना 150 तास व 20 सेक्टर पूर्ण होईपर्यंत वैमानिक ‘अननुभवी’ धरला जातो, आणि एका जोडीत असा एकापेक्षा जास्त वैमानिक चालत नाही. म्हणजे त्याच विमानावर अनेक वर्षे सहवैमानिक राहिलेला माणूस कॅप्टन झाल्यावर पुन्हा नवखा मोजला जातो, आणि ते योग्यच आहे, कारण निर्णयाचा भार त्याच्यावर नव्यानेच आलेला असतो. तुमच्यावर हा नियम लागू नसला तरी रोस्टरसाठी हाच निकष वापरावा.

रोस्टर प्रसिद्ध होताना तपासलेली जोडी प्रत्यक्ष उड्डाणाच्या दिवशी तशीच राहील असे गृहीत धरू नये. कोणी आजारी पडला, कोणाचे ड्यूटीचे तास संपले, की राखीव यादीतून मिळेल तो वैमानिक पाठवला जातो, आणि त्या घाईत दोन नवखे एकत्र येण्याची शक्यता सर्वाधिक असते. म्हणून राखीव यादीतही प्रत्येक नवख्या वैमानिकाच्या नावापुढे खूण ठेवावी, प्रत्येक बदलानंतर जोडी पुन्हा तपासावी आणि सहवैमानिकाचे 100 तास झालेले नसल्यास ते कॅप्टनला उड्डाणाआधीच कळवावे, म्हणजे त्या दिवसाचे हवामान पाहून उड्डाण व अवतरण कोणी करायचे हे त्याला ब्रीफिंगमध्येच ठरवता येईल.