शेंगाचटणीचं चक्का डिप: मार्च एंडच्या धावपळीतही जमेल असं

होळी झाली की आमच्या घरात सगळं एकदम येतं. मी बँकेत, त्यामुळे मार्च एंड डोक्यावर. मोठीची दहावीची परीक्षा, धाकट्याची सकाळची शाळा, गच्चीवर सासूबाईंच्या कुरडया आणि पापड्या. गावाकडून नवी ज्वारी येते, तिला ऊन दाखवून कोठीत भरायची असते. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे पाण्याच्या दिवशी बाकीची कामं बाजूला. आणि नेमक्या याच दिवसांत रंगपंचमी, पाडवा, मग चैत्रगौरीची हळदीकुंकवं. प्रत्येक घरून "येताना काहीतरी घेऊन ये गं" असतंच.

अशा वेळी मी हे डिप नेते. घट्ट चक्का, त्यात आपली सोलापुरी शेंगाचटणी, वरून तेलाची फोडणी, आणि बुडवून खायला कडक भाकरीचे तुकडे. गॅसपुढे उभं राहायचं ते शेंगदाणे भाजायला आणि फोडणीला, तेवढंच. चक्का रात्रीत आपोआप होतो, चटणी आठवडाभर आधी करून ठेवता येते, आणि दोन्ही एकत्र करायचं ते जिथे जायचं त्या घरच्या ओट्यावर.

आधी चक्का. दहा-बारा माणसांना एक किलो दही पुरतं. दही गोडसर आणि घट्ट हवं, म्हशीच्या दुधाचं असेल तर उत्तम. पूर्वी आपण दही पंचात बांधून नळाला टांगून ठेवायचो, पण सोलापुरात मार्चच्या शेवटी पारा चाळिशीकडे निघालेला असतो आणि बाहेर टांगलेलं दही सकाळपर्यंत आंबट होतं. म्हणून पातेल्यावर पुरणाची चाळण ठेवा, तिच्यात ओलं करून पिळलेलं सुती फडकं अंथरा, दही ओता, फडक्याची टोकं वरून दुमडा आणि ते सगळं फ्रिजमध्ये सरकवा. रात्री झोपताना ठेवलं की सकाळी डब्याच्या वेळेला चक्का तयार. साधारण चारशे ग्रॅम निघतो, दह्यात पाणी किती होतं त्यावर थोडं कमी-जास्त. खाली उतरलेलं पाणी फेकू नका, थालीपिठाची कणीक त्यात भिजवा.

आता चटणी, आणि इथे मी जराही तडजोड करत नाही. विकतची चांगली मिळते, घाईत तीच आणा. पण घरची करणार असाल तर ती कुटलेली हवी, दळलेली नको. एक वाटी शेंगदाणे लोखंडी कढईत मध्यम आचेवर भाजा. घाई केली की बाहेरून डाग पडतात आणि आत दाणा कच्चा राहतो. साल बोटाने चोळल्यावर सुटलं आणि दाणा मोडल्यावर आतून बदामी दिसला की उतरवा, ताटात पसरून गार करा, सालं पाखडून टाका. खलबत्त्यात आधी आठ-दहा लसणाच्या पाकळ्या, पाऊण चमचा मीठ आणि एक चमचा जिरं ठेचून घ्या. मग दोन चमचे लाल तिखट आणि दाणे मूठमूठ घालत कुटा. सुरुवातीला नुसता कूट दिसतो. कुटत राहिलं की दाण्याचं तेल सुटायला लागतं, रंग गडद होतो आणि बत्ता उचलताना चटणी त्याला चिकटून वर येते. तिथे थांबायचं. मुठीत दाबली तर मूद व्हावी, आणि बोटाने ढकलली की ढेकळं सुटावीत. या ढेकळांसाठीच सगळा खटाटोप, कारण डिप खाताना मऊ चक्क्यात मध्येच ती दाताखाली येतात. खलबत्ता नसेल तर मिक्सर एकेक सेकंद फिरवून थांबवत जा. सलग फिरवला तर भांडं तापतं आणि चटणीचा गोळा होऊन बसतो.

एकत्र करताना चक्का आधी हाताने फेटून घ्या. श्रीखंडासारखा चाळणीतून घासायची गरज नाही. त्यात दोन-तीन चमचे घरची साय घातली की आंबटपणा बसतो आणि चकाकी येते. मग शेंगाचटणी पाच-सहा मोठे चमचे, पण एकजीव करू नका. निम्मी चक्क्यात हलकेच फिरवा, निम्मी वर पसरा. मीठ अगदी शेवटी आणि चव घेऊन, कारण चटणीत ते आहेच, शिवाय मिठाने चक्क्याला पाणी सुटतं. दाटपणा बघायची माझी खूण अशी: चमचा भरून उलटा धरा. डिप क्षणभर अडून मग सावकाश सुटलं पाहिजे. सुटलंच नाही तर चमचाभर दूध घाला, कारण इतक्या घट्ट डिपमध्ये पातळ कडक भाकरी मोडून आतच राहते.

फोडणीला दोन मोठे चमचे शेंगदाणा तेल, जिरं, कढीपत्त्याची दहा-बारा पानं. गॅस बंद करून तेल थोडं निवलं की पाव चमचा तिखट, म्हणजे रंग लाल राहतो, जळत नाही. ही फोडणी घरूनच छोट्या बरणीत घालून न्या आणि वाढताना वरून सोडा.

बुडवायला काकडी, गाजर चालतं, लहान मुलं तेच उचलतात. पण सोलापुरात कडक भाकरी असताना पाहुण्यांसमोर बटाट्याचे वेफर्स ठेवायचं मला पटत नाही. पाकिटातली भाकरी भरपूर टिकते आणि पातळ, कुरकुरीत असते. ज्वारीची घ्या. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही, तिची गोडी तिखटाला छान सांभाळून घेते. तुकडे आधी करून ठेवू नका, कडा चुरतात. वाढायच्या वेळी दोन बोटं रुंद तुकडे मोडा.

न्यायची पद्धतही महत्त्वाची. चक्का स्टीलच्या झाकणाच्या डब्यात, डबा बर्फाच्या पिशवीबरोबर कापडी पिशवीत. चटणी वेगळी, फोडणी वेगळी, भाकरी सगळ्यात वर. स्कूटीवर पायाशी ठेवून जुळे सोलापूरहून पूर्व भागापर्यंत नीट पोचतं. तिथे गेल्यावर परातीत बर्फाचं पाणी घालून त्यात डिपचं भांडं ठेवा, आणि तरीही या उन्हात तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका. थोडं थोडं वाढा, बाकीचं फ्रिजमध्ये.

पाडव्याला आमच्या शेजारच्या तेलुगू अक्कांकडे उगादी असते, त्याच दिवशी. त्या कैरी, गूळ, चिंच आणि कडुनिंबाच्या फुलांची पचडी वाटीभर पाठवतात, इकडून आमच्याकडचं डिप जातं. मागच्या वेळी अक्कांनी त्यात कैरीचा बारीक कीस घातला. फार सुंदर लागला, आता पाडव्याच्या डिपमध्ये मीही चमचाभर घालते. कैरी घातली तर दही अजिबात आंबट नको.

चैत्रातल्या नवरात्राचा किंवा रामनवमीचा उपास असणाऱ्यांसाठी चक्का वेगळा काढून ठेवा. त्यात लसणाऐवजी हिरवी मिरची, भाजलेल्या शेंगदाण्याचं भरड कूट, सैंधव, आणि वर डाळिंबाचे दाणे. जिरं काही घरांत उपासाला चालतं, काहींत नाही, तेव्हा यजमानीणबाईंना आधी विचारा. सोबत बटाट्याचे पापड.

आणि नव्या घरी जात असाल तर शेंगदाण्याची कुणाला ॲलर्जी आहे का, हे फोनवरच विचारून घ्या. असेल तर डिपमध्ये शेंगदाणा कुठल्याच रूपात नको, फोडणीलासुद्धा दुसरं तेल. भाजलेले तीळ आणि सुक्या खोबऱ्याची लसूणचटणी चक्क्यात चांगली लागते, पण तीळही चालतो ना, हे त्याच फोनवर विचारा. ही चटणी धुतलेल्या, कोरड्या खलबत्त्यात आधी कुटा, शेंगदाण्याची नंतर.

उरलेलं डिप दुसऱ्या दिवशी सकाळी संपवा. काकडी चोचवून त्यात घातली की डब्यात द्यायला कोशिंबीर होते, पोळीला लावून गुंडाळी केली तर परीक्षेला निघालेली मुलगीही उभ्या उभ्या खाऊन जाते.