लोकआयुक्तांकडे तक्रार लिहायला शिकताय? गाऱ्हाणं आणि आरोप एकत्र करू नका

लॉ किंवा एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून लोकांच्या सरकारी तक्रारींचं काम शिकायला येणाऱ्या मुलामुलींसाठी लिहितेय. लोकआयुक्त म्हणजे सरकारी कारभाराविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणारे, त्यांच्यासाठीचा महाराष्ट्राचा 1971 चा लोकआयुक्त कायदा, 1972 पासून सुरू झालेलं काम, मंत्रालयासमोर नवीन प्रशासन भवनातलं ऑफिस, हे सगळं तुम्हाला माहीत असणारच. म्हणून ज्या एका गोष्टीने मला सगळ्यात जास्त दमवलं तिच्याबद्दलच बोलते.

या कायद्यात तक्रारी दोन प्रकारच्या. एक गाऱ्हाणं, म्हणजे गैरकारभारामुळे माझ्यावर अन्याय झाला, विनाकारण उशीर केला, हलगर्जीपणा केला, भेदभाव केला. दुसरा आरोप, म्हणजे अमुक अधिकाऱ्याने पदाचा गैरवापर करून स्वतःचा फायदा करून घेतला, भ्रष्टाचार केला. वाचताना सोपं वाटतं. पण समोरचा माणूस चिडलेला असतो, त्याच्या बोलण्यात दोन्ही एकत्रच येतं आणि आपण ते तसंच उतरवून काढतो.

माझ्याकडे एक आजी आल्या होत्या. नवरा सरकारी खात्यात शिपाई, ते गेले आणि कुटुंब निवृत्तीवेतन काही सुरू होईना, कारण सेवापुस्तकात आजींचं माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. खात्याने त्रुटी काढली, आजींनी प्रतिज्ञापत्र दिलं, मग टेबल बदललं आणि नवीन माणसाने तीच त्रुटी पुन्हा काढली. भाच्याने चार पानी अर्ज लिहून आणला होता, त्यात क्लार्कपासून साहेबापर्यंत सगळे पैसे खातात हे तीन पानं, आणि पेन्शन अडलंय हे शेवटी दोन ओळीत. पैसे कोणी, कधी, कोणासमोर मागितले, तर काहीच नाही, "मागत असणारच" एवढंच.

असा अर्ज गेला की काय होतं बघा. आरोप म्हटला की प्रतिज्ञापत्र आलं, पुरावा आला, समोरच्या अधिकाऱ्यालाही बाजू मांडायची पूर्ण संधी द्यावीच लागते आणि तेच न्यायाचं आहे, आणि या सगळ्यात आजींचं पेन्शन, जे नुसत्या तारखा दाखवून सिद्ध होत होतं, ते बाजूलाच पडतं. आजींना कोणाला शिक्षा नको होती, त्यांना दर महिन्याला खात्यात पैसे हवे होते. म्हणून आम्ही फक्त तारखा ठेवल्या, अर्ज कधी दिला, त्रुटी कधी काढली, पूर्तता कधी केली, तीच त्रुटी परत कधी आली. दीड पान झालं. लोकआयुक्तांनी खात्याकडे अहवाल मागितल्यावर नावाचा घोळ त्यांनीच एका पत्रात मिटवला.

लाच खरंच मागितली असेल तर दाबून टाका असं मी अजिबात म्हणत नाहीये. वेगळी तक्रार करा, पुराव्यासकट करा.

मुदतीचं डोक्यात पक्कं बसवा. गाऱ्हाणं असेल तर ती गोष्ट कळल्यापासून 12 महिने, आरोप असेल तर घटनेपासून 3 वर्षं. गाऱ्हाण्याला उशीर झाला आणि कारण पुरेसं असेल तर ऐकलं जाऊ शकतं, पण त्या भरवशावर कोणाला बसवू नका. नोकरीतल्या बढती, पगार, शिस्तभंगाच्या तक्रारी इथे चालत नाहीत, पेन्शन, ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड मात्र चालतात. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी निवृत्त माणसं दारातूनच परत जातात, मला याचं फार वाईट वाटतं. डिसेंबर 2022 मध्ये विधानसभेत आणि डिसेंबर 2023 मध्ये विधान परिषदेत नवीन लोकायुक्त विधेयक मंजूर झालंय, त्यामुळे मी सांगतेय ते सगळं 1971 च्या कायद्याचं आहे, कामाला लागताना चालू तरतुदी स्वतः वाचून घ्या.

लोकआयुक्त शिफारस करतात, कोर्टासारखा हुकूम काढत नाहीत. हे तक्रारदाराला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा, खोटी आशा दाखवणं हे पाप आहे असं माझं मत आहे. पण म्हणून निराशही होऊ नका. अन्याय दूर करायला मुदत घालून दिली जाते, ती संपल्यावर महिन्याभरात काय केलं ते खात्याला कळवावं लागतं, समाधान झालं नाही तर विशेष अहवाल थेट राज्यपालांकडे जाऊ शकतो. एरवी ज्या फाईलबद्दल कोणी तोंड उघडत नाही तिच्याबद्दल साहेबांना लेखी सही करून उत्तर द्यावं लागतं, आणि माझ्या मते अर्धा न्याय तिथेच होतो.

व्हॉट्सअॅपवर फिरणारे तयार नमुने वापरू नका, आणि मुख्यमंत्र्यांपासून तहसीलदारापर्यंत दहा जणांना प्रती पाठवायला सांगणाऱ्या "मार्गदर्शकां"पासून लांब राहा, प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. शिकायचंच तर एखादे निवृत्त कक्ष अधिकारी गाठा. फाईलवर शेरा कसा मारतात, कुठल्या टेबलावर ती का थांबते, हे त्यांच्याइतकं कोणी शिकवत नाही. कायदा तुम्ही घरी वाचालच.

आणि मूळ कागद कधीही जोडू नका, झेरॉक्सच द्या. खात्याला दिलेल्या प्रत्येक अर्जाची आवक क्रमांक असलेली पोच तक्रारदाराकडे आहे का ते आधी विचारा. नसेल तर आधी स्मरणपत्र देऊन त्यावर शिक्का घ्यायला लावा, मग लिहायला बसा.