अमेरिकेतून घरी पैसे पाठवताना स्टेबलकॉइनचा खर्च कसा मोजायचा

यूएसडीसी किंवा यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेले डिजिटल कॉइन (स्टेबलकॉइन), एका वॉलेटमधून दुसऱ्यात पाठवायला बहुतेक वेळा चिल्लरच लागते. स्टेबलकॉइनवाले जाहिरात करतात ती या मधल्या टप्प्याची. पैसा गळतो तो दोन्ही टोकांना, म्हणजे डॉलरचे कॉइन घेताना आणि कॉइनचे रुपये करताना. त्यामुळे शुल्कांची यादी करत बसण्यापेक्षा एकच आकडा काढावा: न्यू जर्सीतल्या खात्यातून 1,000 डॉलर गेले, तर सांगलीतल्या आईच्या खात्यात किती रुपये आले?

आधी त्या क्षणाचा मिड-मार्केट दर, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या दरांच्या मधला दर, लिहून घ्या. गुगलवर दिसतो तोच. सगळे पर्याय पाच-दहा मिनिटांच्या आत तपासा. सकाळचा एक दर आणि संध्याकाळचा दुसरा अशी तुलना केली, तर फरक बाजाराचा असतो आणि आपण तो सेवेच्या नावावर मांडतो. पुढच्या हिशेबात सोयीसाठी दर 90 रुपये धरला आहे. शुल्कंही समजा म्हणूनच. आपले आकडे घालून हाच हिशेब करा.

पहिली सेवा 7 डॉलर शुल्क घेते आणि मिड-मार्केट दर देते. 993 गुणिले 90, म्हणजे 89,370 रुपये पोहोचतात. खर्च 630 रुपये.

दुसरी ‘शून्य शुल्क’ म्हणते, पण दर देते 88.60. पोहोचले 88,600. खर्च 1,400 रुपये, आणि तो कुठल्याही पावतीवर दिसत नाही. बँकेतून थेट परदेशी पाठवलेल्या पैशांत (वायर) हा दरातला फरक असतोच. वर पाठवण्याचं शुल्क आणि वाटेतल्या बँकेची कपातही येऊ शकते. डॉलर भारतात आल्यावर रूपांतर इथली बँक करणार असेल, तर तिचा टीटी बाइंग दर, म्हणजे बाहेरून आलेले डॉलर ती ज्या दराने विकत घेते तो, विचारून घ्या. रूपांतरावरचा जीएसटीही मग घेणाऱ्याच्या रकमेतून जातो.

आता स्टेबलकॉइन. अमेरिकी एक्स्चेंजवर (कॉइनच्या खरेदी-विक्रीच्या मंचावर) 1,000 डॉलरचे 1,000 यूएसडीसी एकास एक मिळाले आणि बाहेर काढायला 1 गेला. उरलेले 999 भारतीय एक्स्चेंजवर आईच्या केवायसी केलेल्या खात्यात आले. तिथला भाव 91 असेल, तर 90,909 रुपये होतात. ट्रेडिंग शुल्क 0.2 टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी मिळून सुमारे 215 जातात. राहिलेल्या 90,694 वर 1 टक्का टीडीएस, म्हणजे 907. हातात 89,787.

पहिल्या सेवेपेक्षा 417 रुपये जास्त! पण हे पैसे तंत्रज्ञानाने दिलेले नाहीत. भारतात यूएसडीटीचा भाव बहुधा डॉलरच्या बँक दरापेक्षा वर असतो. वरच्या हिशेबात कॉइनसाठी हा वरचा फरक, म्हणजे प्रीमियम, एक रुपया धरला होता. तोच भाव 90 वर आला, तर त्याच 999 कॉइनचे हातात 88,801 पडतात. म्हणजे इथे जिंकणं-हरणं नेटवर्क फीवर नाही, प्रीमियमवर ठरतं, आणि प्रीमियम रोज बदलतो. कॉइन पाठवण्याआधी भारतीय एक्स्चेंजची ऑर्डर बुक, म्हणजे खरेदी-विक्रीच्या बोलींची यादी, उघडा आणि आपली पूर्ण रक्कम विकली जाईल तो सरासरी भाव धरा. सर्वात वरची बोली 50 कॉइनचीच असू शकते. यूएसडीसीपेक्षा यूएसडीटीला गिऱ्हाईक जास्त असल्याने विक्रीचा भाव दोघांचा वेगळा पडतो, तोही पाहा.

टीडीएस हा अंतिम कर नव्हे. नफ्यावर 30 टक्के आणि वर 4 टक्के सेस, म्हणजे 31.2 टक्के कर. एक्स्चेंजचं शुल्क नफ्यातून वजा होत नाही. 999 कॉइनवर रुपयाप्रमाणे 999 नफा धरला, तर कर 312. टीडीएसचे उरलेले 595 रिटर्न भरल्यावर मिळतील. मात्र खरेदी मुलाच्या नावावर आणि विक्री आईच्या, त्यामुळे खरेदीची किंमत काय धरायची हे सीएकडून आधी ठरवून घ्या. अमेरिकेतली खरेदीची पावती आणि ट्रान्झॅक्शन हॅश (ब्लॉकचेनवरचा व्यवहार क्रमांक) जपून ठेवा. खरेदीचा पुरावाच नसेल, तर सगळी रक्कम नफा समजली जाण्याचा धोका आहे.

नेटवर्क, म्हणजे कॉइन ज्या ब्लॉकचेनवरून जातात ती साखळी, निवडताना फी सहसा तिच्या स्वतःच्या नाण्यात भरावी लागते, हे लक्षात ठेवा. स्वतःच्या वॉलेटमध्ये ट्रॉन नेटवर्कवरचे 500 यूएसडीटी आहेत, पण ट्रॉनचं नाणं टीआरएक्स शून्य, तर साधारणपणे ते हलत नाहीत. ट्रॉनवर एका यूएसडीटी व्यवहाराला सुमारे 65,000 एनर्जी (फी मोजायचं ट्रॉनचं एकक) लागते आणि समोरच्या पत्त्यावर आधी यूएसडीटी नसेल तर दुप्पट. 2025 च्या ऑगस्टअखेरीस एनर्जीचा दर 210 वरून 100 सन (सन म्हणजे टीआरएक्सचा दशलक्षावा भाग) झाला, म्हणून आता हे साधारण 6.5 आणि 13 टीआरएक्स पडतं. सोलानाची मूळ फी 0.000005 सोल, म्हणजे नगण्यच. इथेरियमची फी गर्दीप्रमाणे हलते. पण एक्स्चेंजमधून काढताना ही खरी फी नव्हे, तर एक्स्चेंजने ठरवलेलं विथड्रॉवल शुल्क लागतं. तुलनेत तेच घ्या.

पैसे बुडतात ते बहुतेक पत्त्यात. ट्रॉनचा पत्ता टी ने सुरू होतो आणि इथेरियमचा 0एक्स ने, त्यामुळे ही गल्लत वॉलेटच अडवतं. इथेरियम, पॉलिगॉन, बीएनबी चेन यांचे पत्ते मात्र दिसायला सारखेच असतात. एक्स्चेंज जे नेटवर्क घेत नाही त्यावर पाठवलं, तर कॉइन पोहोचतात पण खात्यात दिसत नाहीत. परत मिळणं मग एक्स्चेंजच्या मर्जीवर. जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता कॉपी करू नका. तिथे सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं जुळणारे बनावट पत्ते पेरलेले असतात. पहिल्यांदा 20 डॉलर पाठवून बघा, फक्त ते एक्स्चेंजच्या किमान ठेवीपेक्षा जास्त असू द्या, आणि दोनदा लागणारं विथड्रॉवल शुल्क हिशेबात धरा. अमेरिकेत एसीएचने (बँक खात्यातून होणाऱ्या साध्या ट्रान्सफरने) कॉइन घेतले, तर ते काही दिवस बाहेर काढता येत नाहीत. ‘पाच मिनिटांत पैसे’ हे तिथेच संपतं.

पैसे पाठवणाऱ्या अमेरिकी सेवेत, रक्कम अजून दिली गेली नसेल तर, पैसे भरल्यापासून 30 मिनिटांत व्यवहार रद्द करण्याचा हक्क असतो. ब्लॉकचेनवर तसलं काही नाही. आणि एका डॉलरचा कॉइन कायम एका डॉलरचाच राहतो असंही नाही: मार्च 2023 मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तेव्हा यूएसडीसी काही काळ 88 सेंटच्या आसपास उतरला होता. ज्याचे कॉइन तेव्हा वाटेत होते त्याला तो दर लागू.

एक्स्चेंजऐवजी पी2पी वर, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला, विकल्यास भाव चांगला दिसतो, पण तिथे कुणीतरी अनोळखी माणूस आईच्या खात्यात रुपये टाकतो. ते पैसे सायबर फसवणुकीतले निघाले, तर पोलिसांच्या सांगण्यावरून खातं गोठतं आणि सोडवायला दुसऱ्या राज्यातल्या ठाण्याशी पत्रव्यवहार करावा लागू शकतो. त्याहून मोठा प्रश्न फेमाचा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचा. परदेशातल्या व्यक्तीच्या वतीने दिलेलं पेमेंट अधिकृत व्यक्तीखेरीज इतर मार्गाने घेण्यास फेमाचं कलम 3 मनाई करतं. पी2पी चा व्यवहार या व्याख्येच्या फार जवळ जातो. थोड्या चांगल्या भावासाठी हे अंगावर घ्यावं, असं मला वाटत नाही. असे रुपये एनआरई (अनिवासी भारतीयाच्या परदेशी कमाईच्या) खात्यातही भरता येत नाहीत.

भारतातून बाहेर पाठवताना प्रीमियम उलटा लागतो. परदेशी कॉलेजची 5 लाखांची फी भरायची आहे आणि कॉइन 2 टक्के महाग आहेत, तर 10,000 रुपये सुरुवातीलाच गेले. बँकेत त्याच रकमेच्या रूपांतरावरचा जीएसटी 540 रुपये आहे, अधिक दरातला फरक आणि वायरचं शुल्क. शिवाय बँकेच्या मार्गाने ए2 फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) आणि एलआरएसची (रहिवाशांना परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची) नोंद राहते. वर्षाच्या 10 लाखांपुढे टीसीएस (बँक आगाऊ घेते तो कर) कापला गेला, तरी तो रिटर्नमध्ये वळता होतो.