छोट्या कंपनीकडून कस्टम लॅपटॉप मागवायचाय? गोव्यात राहून ऑर्डर देताना असं करा

तयार लॅपटॉप घ्यायचा तर पणजी, मडगाव, म्हापसा कुठल्याही दुकानात जा, चार-पाच मॉडेल समोर ठेवतात, त्यातला एक उचलायचा, बिल घ्यायचं, झालं. पण ज्याला ३२ जीबी रॅम हवी, रंग नीट दाखवणारा स्क्रीन हवा, विंडोजऐवजी लिनक्स हवं, किंवा पुढे स्वतः उघडून रॅम वाढवता येईल असं मशीन हवं, त्याला दुकानात बहुतेक वेळा "असं पीस येत नाही" एवढंच ऐकायला मिळतं. मग माणूस वळतो छोट्या कंपन्यांकडे, जिथे मोजकी माणसं असतात आणि ती तुमच्या यादीप्रमाणे लॅपटॉप जोडून कुरियरने पाठवतात.

माझ्या ओळखीत अशी मशीन घेतलेले बरेच जण आहेत, व्हिडिओ एडिटिंग करणारे, आर्किटेक्ट, घरून काम करणारे, कॉलेजची मुलं. त्या सगळ्यांचं ऐकून माझं एक मत पक्कं झालंय. कॉन्फिगरेशन (कुठले पार्ट, किती क्षमतेचे) निवडणं हे त्यातलं सोपं काम. खरं बघायचं ते हे की दीड वर्षाने मशीन बंद पडलं, तुम्ही काणकोणला नाहीतर वाळपईला आहात, जवळ सर्व्हिस सेंटर नाही, तेव्हा ती कंपनी काय करते. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशेबाने लिहिल्यात.

पायरी १: "कस्टम" म्हणजे नक्की काय ते समजून घ्या

छोटी कंपनी स्वतः मदरबोर्ड किंवा बॉडी बनवत नाही (अगदी मोजके अपवाद सोडले तर). तैवानची क्लेवो, चीनची टोंगफांग अशा मोठ्या कारखान्यांकडून ती अर्धवट तयार लॅपटॉप घेते, त्याला बेअरबोन म्हणतात. त्यात बॉडी, मदरबोर्ड, स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी असते आणि आजकाल प्रोसेसर व ग्राफिक्स चिपही बोर्डावर कायमची बसवलेलीच येते. रॅम, एसएसडी (फाइली साठवायची डिस्क), वायफाय कार्ड आणि ऑपरेटिंग सिस्टीम कंपनी टाकते. चवथीला तयार मखर आणून सजावट आपण करावी तसलाच प्रकार. यात फसवणूक काही नाही, जगभर असंच चालतं, अमेरिकेतली सिस्टम७६ आणि जर्मनीतली टक्सेडो यांचे बरेचसे लॅपटॉपही अशाच बॉडीवर उभे आहेत.

हे कळलं की कंपनीला विचारायचा पहिला प्रश्न आपोआप सुचतो: बॉडी कुठल्या कारखान्याची आणि तिचा मॉडेल नंबर काय? ज्या कंपनीने सरळ सांगितलं तिच्याबद्दल माझं मत लगेच चांगलं होतं, कारण त्या नंबरावरून पुढे बॅटरी, कीबोर्ड, पंखा शोधता येतो, कंपनी उद्या बंद झाली तरी.

पायरी २: जुन्या गिऱ्हाइकांना गाठा, आणि योग्य ते विचारा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि लोक नेमकी हीच उरकून टाकतात. रिव्ह्यू वाचायचे तर पाच स्टारवाले बाजूला ठेवा, त्यातले बरेचसे बॉक्स उघडल्याच्या दिवशी लिहिलेले असतात, नवं मशीन कोणाला आवडत नाही? शोधायचे ते सहा महिने, वर्ष, दोन वर्षं वापरून लिहिलेले. आणि त्यात तक्रार दिसली म्हणून लगेच कंपनी वाईट ठरवू नका, मशीन बिघडतंच, वाचायचं ते तक्रारीनंतर काय झालं ते. फोन उचलला का? पिकअपची सोय कोणी केली, भाडं कोणी भरलं? मशीन किती दिवस तिकडे राहिलं? तोच दोष घेऊन परत आलं का?

शक्य असेल तर कंपनीलाच सांगा, गोव्यात किंवा कोकणपट्टीत तुमचं एखादं गिऱ्हाईक असेल तर त्यांना विचारून त्यांचा नंबर द्या. काही कंपन्या आनंदाने जोडून देतात. एक उदाहरण सांगते. म्हापशाचा माझा मावसभाऊ लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, त्याने असाच एका सावंतवाडीच्या फोटोग्राफरशी बोलून ऑर्डर दिली, आणि त्या माणसाने सांगितलेली एक गोष्ट त्याला कुठल्याच रिव्ह्यूत सापडली नसती, की त्या मॉडेलचा पंखा जोरात चालतो, शांत खोलीत व्हॉइसओव्हर रेकॉर्ड करायचा तर मशीन लांब ठेवावं लागतं. त्याने तरी ते घेतलं, पण समजून उमजून घेतलं. उलट दुसऱ्या एका ओळखीच्या मुलीचं मशीन स्क्रीनच्या बिजागरीसाठी परत गेलं, तर कंपनीने आठवडे उलटले तरी नुसतं "पार्ट येतोय" सांगितलं, तिचं प्रोजेक्ट सबमिशन भावाच्या लॅपटॉपवर झालं. त्या कंपनीचे स्टार चांगले होते बरं का.

पायरी ३: कंपनी खरी आहे का ते पाच मिनिटांत बघा

जीएसटी नंबर मागा आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून बघा, तिथे नोंदणीचं नाव, नोंदणीची तारीख आणि नंबर चालू आहे की रद्द, सगळं फुकट दिसतं. १५ अक्षरांच्या त्या नंबरातले पहिले दोन आकडे राज्याचे, २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक, ३० आपला गोवा. त्यापुढची १० अक्षरं म्हणजे पॅन, आणि पॅनमधलं चौथं अक्षर सांगतं की तो एकटा माणूस आहे (पी), भागीदारी आहे (एफ) की कंपनी (सी). एकटा माणूस असला म्हणजे वाईट असं अजिबात नाही, कित्येकदा एकटा माणूसच मनापासून काम करतो, पण वेबसाइटवर प्रायव्हेट लिमिटेड लिहिलंय आणि नंबर एकट्याचा निघतो, तर विचारायला हवं.

लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के. बाहेरच्या राज्यातून मागवला तर बिलावर तो आयजीएसटी म्हणून दिसतो. "बिल नको असेल तर कमी करतो" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, बिल नसेल तर वॉरंटी आणि तक्रार दोन्ही लंगडी पडते.

पायरी ४: सगळं लेखी घ्या

फोनवर बोलणं गोड होतं, पण ठरलेलं सगळं ईमेलवर आलं पाहिजे. रॅम किती आणि एकच काडी की दोन (दोन काड्या असतील तर दोन्ही एकाच वेळी चालतात, त्याला ड्युअल चॅनल म्हणतात, त्याने वेग बरा मिळतो), एसएसडी कुठल्या ब्रँडची कुठलं मॉडेल, नुसतं "१ टीबी एनव्हीएमई" (एनव्हीएमई म्हणजे वेगवान एसएसडीचा प्रकार) चालणार नाही. ग्राफिक्स कार्डाचं नाव पुरेसं नसतं, ते किती वॅटवर चालतं ते विचारा. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही सेट केलेलं असू शकतं, आणि कमी वॅटचं बरंच मागे पडतं. स्क्रीनचं पण तसंच, "फुल एचडी आयपीएस" लिहून ४५ टक्के एनटीएससीवाला फिका पॅनल लावतात, फोटो-व्हिडिओचं काम असेल तर १०० टक्के एसआरजीबी असं लिहून घ्या (एनटीएससी, एसआरजीबी ही स्क्रीन किती रंग दाखवतो ते मोजायची मापं).

विंडोज घेणार असाल तर लायसन्स बिलावर वेगळं दाखवायला सांगा. डेड पिक्सेल (स्क्रीनवरचे बंद पडलेले ठिपके) किती असले तर स्क्रीन बदलून देतात तेही विचारा, एखाद-दुसऱ्यासाठी बऱ्याच कंपन्या देत नाहीत. आणि शेवटचं: मी स्वतः रॅम किंवा एसएसडी बदलली, पंख्यातली धूळ काढली, तर वॉरंटी जाते का? याचं उत्तर "नाही, पण तुमच्या हातून काही मोडलं तर ते आमच्याकडे नाही" असं आलं तर मला ते प्रामाणिक वाटतं.

पायरी ५: गोव्याचे म्हणून असलेले प्रश्न आधीच विचारा

पावसाळ्यात आपल्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तर लॅपटॉपच्या आत काय होत असेल. समुद्राजवळ राहणाऱ्यांना खारी हवा वेगळी. लॅपटॉपच्या आत कित्येकदा ओलावा दाखवणारे छोटे स्टिकर असतात, पाणी लागलं की लाल होतात, आणि खूप दमट हवेत पाणी न सांडता पण ते रंगू शकतात. मग सर्व्हिसवाला म्हणतो लिक्विड डॅमेज, वॉरंटी नाही. म्हणून ऑर्डरच्या आधी स्पष्ट विचारा की स्टिकर लाल झाला पण बोर्डावर पाण्याचा डाग नाही, तर तुम्ही काय धरता? गंज वॉरंटीत येतो का? बहुतेक ठिकाणी उत्तर "येत नाही" असेल, पण ते आधी कळलेलं बरं, मग जून ते सप्टेंबर मशीन रोज थोडा वेळ चालू ठेवणं, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवणं, ओल्या भिंतीला टेकवून न ठेवणं हे आपण करतोच.

दुसरं अर्थिंग. जुन्या घरांत अर्थिंग कमजोर किंवा नसतंच, आणि धातूची बॉडी असलेला लॅपटॉप चार्जिंगला लावला की हाताला झिणझिण्या येतात. लोक घाबरून कंपनीला फोन करतात, मशीन परत पाठवतात, तिकडे काहीच सापडत नाही, कारण तिकडच्या प्लगला अर्थिंग असतं. आधी वायरमनला बोलवा, तीन पिनचा प्लग खऱ्या अर्थिंगच्या सॉकेटात लावून बघा. मे महिन्यातल्या आणि परतीच्या पावसातल्या गडगडाटात चार्जर सरळ काढून ठेवा.

तिसरं पत्ता. आपला पत्ता म्हणजे पंचायतीचा घर नंबर, वाडा, जवळचं देऊळ किंवा चॅपेल. बाहेरच्या कुरियरला "वरचा वाडा" कळत नाही. लाखाच्या वस्तूसाठी पिनकोड आधी तपासून घ्या की कुठलं कुरियर तिथपर्यंत येतं, नाहीतर ऑफिसचा किंवा शहरातल्या नातेवाइकाचा पत्ता द्या. ट्रान्झिट इन्शुरन्स (वाटेत मोडतोड झाली तर भरपाई) आहे का ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. चवथीच्या दिवसांत घरचे सगळे मूळ गावी गेलेले असतात, तेव्हा डिलिव्हरी नको म्हणून सांगा.

पायरी ६: पैसे आणि मुदत

वेबसाइटवर "सात ते दहा दिवस" लिहिलेलं असतं, पण बेअरबोन त्यांच्याकडे आहे की मागवावं लागणार ते विचारा. मागवायचं असेल आणि मध्ये चिनी नववर्ष आलं, म्हणजे जानेवारीअखेर-फेब्रुवारी, तर कारखानेच बंद असतात, उशीर होणारच. उशीर समजून घेता येतो, न कळवलेला उशीर नाही. लेखी तारीख घ्या आणि ती चुकली तर पैसे परत मिळतील का ते त्याच ईमेलमध्ये विचारा.

पैसे कंपनीच्या नावाच्या खात्यावरच पाठवा, यूपीआयवर नाव दुसऱ्याच माणसाचं दिसलं तर थांबा. जमत असेल तर क्रेडिट कार्ड वापरा, माल आलाच नाही तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे भरलेले पैसे परत, मागता येतो. दोन टक्के जास्त लागले तरी मी कार्डच सांगेन.

परदेशातल्या छोट्या कंपनीकडून मागवणार असाल तर: पोस्ट-कुरियरने वैयक्तिक वापराचा एक लॅपटॉप मागवायला लॅपटॉपच्या आयातीवर २०२३ मध्ये आलेल्या निर्बंधातून सूट दिलेली आहे, पण ड्युटी आणि टॅक्स भरावा लागतो. येताना घेऊन या असं कोणाला सांगणार असाल तर १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप ड्युटीशिवाय आणता येतो, मात्र क्रू मेंबरला ती सवलत लागू नाही, तेव्हा बोटीवरच्या भावाला सांगायच्या आधी कस्टम्सकडे खात्री करून घ्या. आणि दुरुस्तीला मशीन परत परदेशात पाठवायचा खर्च धरूनच किंमत मोजा.

पायरी ७: बॉक्स आला की

कुरियरवाला समोर असतानाच बॉक्स सगळ्या बाजूंनी बघा, फाटका-दबका असेल तर पावतीवर तसं लिहा. उघडताना सलग व्हिडिओ काढा, लेबल आणि सिरीयल नंबर दिसला पाहिजे. मग पहिले काही दिवस मशीनला त्रास द्या, परत करायची मुदत संपायच्या आत. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये आत काय बसवलंय ते दिसतं, त्यातली रॅम, प्रोसेसर, कार्ड ईमेलशी जुळवा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडी किती तास चालली आहे ते दिसतं, नव्या मशीनवर शेकडो तास दिसले तर ती वापरलेली आहे. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. प्रोसेसरवर ताण देणारा सिनेबेंच अर्धा तास चालवून तापमान बघा, पंखा नसलेल्या खोलीत, दुपारी, कारण वापरणार तुम्ही तिथेच. स्क्रीनवर काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा रंग लावून डेड पिक्सेल शोधा. सगळे पोर्ट, वेबकॅम, माइक, प्रत्येक की. बॉक्स आणि आतला थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा, परत पाठवायची वेळ आली तर त्याच्यासारखं पॅकिंग मिळत नाही.

पायरी ८: बिघडलं तर

फोन करा, पण त्यानंतर लगेच ईमेल करा, फोटो-व्हिडिओ जोडून. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. पाठवायच्या आधी डेटाचा बॅकअप घ्या, स्वतःची वाढवलेली रॅम किंवा एसएसडी असेल तर तिचा नंबर लिहून ठेवा. बॅटरी फुगलेली असेल तर मशीन तसंच कुरियरला देऊ नका, ते धोक्याचं आहे, विमानाने तर अशी बॅटरी नेतच नाहीत, कंपनीला आधी सांगा.

काहीच दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, कित्येकदा तेवढ्याने कंपनी हलते. त्यापुढे ग्राहक आयोग. कंपनी बंगळूरची असो की दिल्लीची, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, उत्तर गोवेकरांनी पर्वरीला, दक्षिण गोवेकरांनी मडगावला. दोन वर्षांच्या आत करावी लागते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि वकील हवाच असं नाही. लेखी घ्या म्हणून वर जे जे सांगितलं ते सगळं इथे कामाला येतं.

आणि मशीन वर्षभर वापरून झालं की तुमचा अनुभव लिहा, चांगला असो वा वाईट: मॉडेल नंबर, ऑर्डरची आणि डिलिव्हरीची तारीख, काय बिघडलं, किती दिवसांत परत आलं, भाडं कोणी भरलं, आणि तुम्ही समुद्राजवळ राहता की आत फोंडा-सांग्याकडे.