विद्यापीठात कृष्णवर्णीय वारशाचा महिना साजरा करताना

अमेरिकेतील विद्यापीठांत फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून साजरा होतो आणि तेथील भारतीय किंवा मराठी विद्यार्थी मंडळांनाही त्यात सहभागी व्हावेसे वाटते. अशा मंडळाने स्वतःचा वेगळा कार्यक्रम आखण्याआधी, शक्यतो ऑक्टोबरमध्येच, कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेच्या बैठकीला जाऊन त्यांना कशाची गरज आहे हे विचारावे. जानेवारीच्या अखेरीस छापून तयार असलेले भित्तिपत्रक घेऊन दारात उभे राहणाऱ्यांची मदत कमी आणि अडचणच जास्त होते.

हा महिना विद्यापीठाच्या आवारातच आकाराला आला, हे लक्षात ठेवावे. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये अब्राहम लिंकन आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांचे जन्मदिवस साधून फेब्रुवारीत एक सप्ताह सुरू केला. त्याचा महिना करण्याचा प्रस्ताव ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी १९६९ मध्ये मांडला आणि पुढच्याच वर्षी तो तेथे साजरा केला; राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांची मान्यता मिळायला मात्र १९७६ साल उजाडले. म्हणूनच प्रदर्शन लावायचे असेल तर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेहमीच्या छायाचित्रावर न थांबता ग्रंथालयाच्या अभिलेखागारात बसून विद्यापीठाची जुनी वार्षिके आणि विद्यार्थी वृत्तपत्रे चाळावीत. पहिले कृष्णवर्णीय पदवीधर कोण होते, त्यांना वसतिगृहात जागा मिळाली होती का, १९६८ च्या सुमारास कोणत्या मागण्यांसाठी आंदोलने झाली, याची उत्तरे बहुधा तेथेच सापडतात.

मराठी माणसाने सोबत नेण्याजोगे दोन दस्तऐवज आहेत. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. ही अर्पणपत्रिका मराठीत आणि इंग्रजीत वाचून दाखवावी; पण तिच्यातला गौरव मुक्त करणाऱ्यांचा असल्यामुळे, स्वतः गुलामीतून निसटून गेलेल्या डग्लस यांच्या लेखनातील एखादा उतारा तिच्या जोडीला असावा, नाहीतर गोष्ट अर्धीच राहते. दुसरा दस्तऐवज म्हणजे डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना लिहिलेले पत्र. डु बॉइस यांची कागदपत्रे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील ग्रंथालयात आहेत. पत्राची प्रत लावण्यापूर्वी त्या ग्रंथालयाची परवानगी घ्यावी.

भाषेबाबत थोडे स्पष्ट बोलायला हवे. आपल्या घरांत सहज उच्चारले जाणारे ‘काळू’, ‘हबशी’ यांसारखे शब्द आपसांतल्या मराठी गप्पांतही टाळावेत, आणि गोऱ्या रंगाचे आपल्याकडचे वेड हा चर्चासत्राचा विषय होऊ द्यावा. त्यात अवघडलेपण येईल, ते येऊ द्यावे.

जेवणाची जबाबदारी आली तर मात्र आपल्याला फार परके वाटत नाही. नववर्षाच्या दिवशी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत शिजणारी तांदूळ आणि चवळी यांची खिचडी पाहिली की आपल्याच डब्याची आठवण होते. ही चवळी आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांबरोबर तेथे पोहोचली. तिच्यात बहुतेक वेळा डुकराचे मांस घालतात, म्हणून बिनमांसाचे पातेले वेगळे ठेवून त्यावर ठळक चिठ्ठी लावावी आणि दोन्ही पातेल्यांतले डाव एकमेकांत जाणार नाहीत यासाठी तेथे एका स्वयंसेवकाला उभे करावे. पाककृती मात्र संघटनेतल्या ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असेल त्यांच्याकडूनच शिकावी, आणि फलकावर श्रेय त्यांच्याच नावाने द्यावे.